सुकेपर्यंत

लोणच्याची रिकामी बाटली, तिच्यात पाणी, पाण्यात दगड.
सुपारीएवढा,
भिजत घातलेल्या आमसुलासारखा काळा,
आणि बाटली हलवली की आत
कुणी हिरवी काडी ओढून लगेच विझवल्यासारखं.

भरमाण्णा मुचंडीकर म्हणाले,
"पाण्यातनं काढू नको म्हणून सांगितलंय देणाऱ्यानं.
वाळला की रुसतोय म्हणे."
"रुसू दे," म्हटलं,
आणि दगड टिपकागदावर ठेवला,
शहापूरच्या आमच्या दुकानात, उत्तरेच्या खिडकीशी,
जिथं ऊन येत नाही, नुसता उजेड येतो.

पाण्यात सगळेच देखणे.
ओढ्यातला गोटा घरी आणून बघावा.
आप्पांचं पहिलं शिकवणं हेच :
दागिना बघावा अंगावर, दगड बघावा कोरडा,
आणि गिऱ्हाईक बघूच नये,
नाहीतर त्याची गरज दगडात चमकायला लागते.

वजन अठ्ठावीस पूर्णांक चाळीस.

भिंग लावलं. बुडबुडे नाहीत, म्हणजे काच नाही.
"मळी तर न्हवंच," ते म्हणाले,
"उद्यमबागेत तीस वर्सं फौंड्रीत साचे भरलोय,
मळी मला अंधारात कळते."
गालाला लावला : गार. प्लास्टिक इतका वेळ गार राहत नाही.
मग आडवा धरला, कडेनं.
कडेला सरळ रेघ दिसली
की समजावं, माणसानं चिकटवलंय.
पट्टी धरून रेघ ओढायची खोड जमिनीला नाही.
इथं रंगाची कड वळत गेलेली,
मार्कंडेयचा काठ जातो तशी, कुणाला न विचारता.

"रेघ न्हाई?"
"रेघ नाही."
इतका वेळ अर्धा खुर्चीत, अर्धा बाहेर असलेला माणूस
पहिल्यांदा पुरता बसला.

अठ्ठावीस पूर्णांक बारा.

मी पुन्हा काटा शून्यावर आणला. पुन्हा ठेवला.
ते सांगत होते : मेव्हण्याचा पोरगा, जहाजावरची नोकरी,
ऑस्ट्रेलियाचा काळा ओपल, सत्तर हजार,
घरात अजून कुणाला माहीत नाही.
मी ऐकत नव्हते. आकडा बघत होते.

सत्तावीस पूर्णांक नव्वद.

खरा काळा पाणी पीत नाही.
हा पोटभर प्यायलेला,
आणि आता तराजूवर, आमच्या दोघांच्या देखत,
गुपचूप हलका होत चाललेला.
जिभेचं टोक लावलं.
चिकटला,
पहिलीतल्या पाटीवरच्या पेन्सिलीसारखा.
एका खळग्यात काजळ टिपक्याटिपक्यांनी बसलेलं
आणि जिथं टवका उडाला होता
तिथं आत साय.

कसं सांगायचं ते आप्पांनी शिकवलं नव्हतं.

"ओपल आहे," म्हटलं. "खोटा नाही.
पण जन्मानं काळा नाही. आफ्रिकेकडचा असावा.
कागदात गुंडाळून, तापवून, धूर पाजलाय."
भरमाण्णांनी दगड उचलला,
अंगठ्यानं तो टवका चाचपला,
आणि माझ्याआधी त्यांनाच सगळं कळलं.
"म्हंजे साच्याला कोळशाची पूड मारतो तसं.
वरनं."
"तसंच."
"काळं करायचं काम तीस वर्सं मीच केलोय की, बाई,"
असं म्हणून हसले, आणि हसणं मध्येच ठेवून दिलं.

थोड्या वेळानं : "आणि ते आतलं? हिरवं?"
"ते त्याचं स्वतःचं."
"धुराच्या आधीपासनं?"
"आधीपासनं."
किंमत त्यांनी विचारलीच नाही.
रुमालात बांधला, कोरडाच,
बाटली इथंच राहिली, आणि माणूस
खानापूरच्या गाडीच्या वेळेकडे बघत उतरला पायऱ्या.

आतून आप्पा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू :
"चिकटला काय गे?"
"चिकटला."
"तपासणीचे पैसे घेतलीस?"

जिभेच्या टोकावर अजून खडूची पूड होती.
मी बाटलीतलं पाणी बघत होते.
स्वच्छ होतं. त्यात काहीच उतरलेलं नव्हतं.